जुना आय७ घ्यावा की त्याच्यानंतरचा आय५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गुहागरला राहता. मुलगी चिपळूणला बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्यासाठी जुना लॅपटॉप घ्यायचाय. घरचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे, त्याचं बुकिंग आणि हिशेबही याच लॅपटॉपवर करायचे आहेत. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याने दोन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि ठीकठाक करून परत विकायला काढलेले, थिंकपॅड लॅपटॉप दाखवलेत. एक टी४७०, त्यात आय७-७६००यू प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम, साडेसतरा हजारांना. दुसरा टी४८०, त्यात आय५-८३५०यू आणि ८ जीबी रॅम, एकवीस हजारांना. दोन्हींत २५६ जीबीची एसएसडी. विक्रेता म्हणतो आय७ घ्या, प्रोसेसर मोठा, रॅम दुप्पट, वर साडेतीन हजार वाचतात. तुमचा भाचा म्हणतो आय५ घ्या, पण का ते त्याला नीट सांगता येत नाही.

भाच्याचं ऐका. का ते मी सांगतो, म्हणजे उद्या विक्रेत्याने तिसरंच मॉडेल पुढे केलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

माझं रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे. जुने लॅपटॉप विकतोही, पण थोडे. जास्त वेळ दुसरीकडून घेतलेले लॅपटॉप उघडण्यातच जातो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं स्क्रू काढल्यावर दिसलेलं आहे.

आधी प्रश्नच जरा वेगळा मांडू. या दोनांत जास्त वेगवान कोण, हे तुम्हाला कळून फारसा उपयोग नाही. मुलीचं शिक्षण आणखी निदान अडीच-तीन वर्षं चालणार. तोपर्यंत हे मशीन रडतखडत न चालता नीट चालेल का, आणि त्यासाठी आज किती पैसे घालणं शहाणपणाचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. कागदावर जवळजवळ बरोबरीचे वाटणारे हे दोन प्रोसेसर या प्रश्नाला मात्र अगदी वेगवेगळी उत्तरं देतात.

विक्रेत्याचा सगळा जोर 'आय७' या शब्दावर आहे. आय३, आय५, आय७ ही उतरंड एकाच पिढीपुरती खरी. पिढी बदलली की ती मोडते. पिढी ओळखायची ती पुढच्या आकड्यावरून: ७६००यू म्हणजे सातवी, ८३५०यू म्हणजे आठवी. शेवटचा 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. हे दोन्ही १५ वॉटचे. आता सातव्या पिढीच्या 'यू' मालिकेत आय५ आणि आय७ यांच्यात फरक तरी केवढा होता? आय५-७३००यू मध्ये दोन कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), ३ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ. आय७-७६००यू मध्येही दोनच कोर, चारच थ्रेड, ४ एमबी कॅश आणि कमाल वेग ३.९. संपलं. एवढ्याशा फरकासाठी नवीन असताना लोकांनी बरेच जास्त पैसे मोजले, आणि आज जुन्या बाजारातही त्या स्टिकरचे पैसे वेगळे लागतात. सातव्या पिढीचंच मशीन घ्यायचं ठरलं तर मी आय७ घेणारच नाही. आय५-७३००यू वालं स्वस्तात बघेन आणि उरलेल्या पैशांतून बॅटरी बदलेन.

आता तुमचे दोन प्रोसेसर समोरासमोर ठेवू. आय७-७६००यू २०१७ च्या सुरुवातीला आला, आय५-८३५०यू त्याच वर्षी ऑगस्टनंतर. वर्षभराचंही अंतर नाही. आतला कोर तर जवळपास तोच आहे. २०१५ साली सहाव्या पिढीत, स्कायलेक नावाने, हे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल कंपनीने जो कोर आणला तोच थोडा घासूनपुसून सातव्या पिढीत वापरला आणि तोच आठवीच्या या प्रोसेसरांत. दोन्ही १४ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनलेले. म्हणून एकच कोर वापरणाऱ्या कामात वेग ठरतो तो केवळ गिगाहर्ट्झवर, आणि तिथे आय७ पुढे आहे: ३.९ विरुद्ध ३.६, म्हणजे आठेक टक्के. विक्रेता खोटं बोलत नाहीये. पण आठ टक्के म्हणजे पंचवीस सेकंदांचं काम तेवीस सेकंदांत. एक्सेल उघडताना हा फरक कोणाला कळत असेल तर त्याने घड्याळ लावून बसलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूला आय५-८३५०यू मध्ये चार कोर आहेत, आठ थ्रेड आहेत आणि कॅश ६ एमबी. १५ वॉटच्या प्रोसेसरांत इंटेल वर्षानुवर्षं दोन कोरांवर अडून बसली होती. २०१७ च्या मार्चमध्ये स्पर्धक कंपनी एएमडीचे रायझन प्रोसेसर बाजारात आले आणि त्याच ऑगस्टमध्ये इंटेलने लॅपटॉपच्या आठव्या पिढीत एकदम चार कोर दिले. स्पर्धेमुळे दिले की आधीच ठरलं होतं हे त्यांचं त्यांना माहीत, पण गिऱ्हाइकाचं भलं झालं. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरांत सातवी आणि आठवी यांच्यामधली पायरी सगळ्यात उंच आहे. जुना लॅपटॉप घेताना या पायरीच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते आधी बघायचं, बाकी सगळं नंतर.

चार कोरांचा उपयोग कधी होतो? आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला दोन चपळ माणसं असली आणि काम एकाच पेटीचं असलं, तर तिसरं-चौथं माणूस नुसतं बघत बसतं. शंभर पेट्या रात्रीच्या ट्रकला घालायच्या असल्या तर मात्र चार माणसं जरा सावकाश भरत असली तरी आधी मोकळी होतात. सगळे कोर कामाला लागतात अशा चाचण्यांमध्ये ८३५०यू हा ७६००यू पेक्षा साधारण दीडपटीहून जास्त काम काढतो.

दुप्पट का नाही, हेही विचाराल. तर वीज दोघांनाही तेवढीच, १५ वॉट. सुरुवातीचा अर्धा मिनिट प्रोसेसर या मर्यादेच्या वर जाऊन पळतो, मग खाली येतो. चार कोर पूर्ण ताकदीने चालत राहिले तर ८३५०यू ३.६ वर टिकत नाही. माझ्याकडच्या मशीनवर तो बहुधा सव्वादोन-अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावतो. मशीन बनवणाऱ्याने मर्यादा कुठे ठेवलीय आणि पंखा कसा आहे, त्यावर थोडं वर-खाली. दोन कोरांच्या ७६००यू ला तेवढ्याच विजेत बराच जास्त वेग टिकवता येतो. त्यामुळे तासभर चालणाऱ्या कामात आय५ ची आघाडी कमी होते, पण जात नाही.

आता मुलीच्या कामाकडे येऊ. पहिल्या वर्षाला सी, पायथन, थोडं डेटाबेसचं काम. हे दोन्ही मशीनवर आरामात होईल; खरं तर याहून जुन्यावरही होईल. अडचण पुढे येते. कधीतरी अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचा विषय किंवा प्रोजेक्ट येणार, तेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ लागणार. कोड बांधायला घेतला की तो मिळतील तेवढे सगळे कोर खातो. सोबत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा खोटा फोन, चालू असतो. त्याला दोन कोर लागले की ७६००यू कडे उरलं काय? शिवाय ब्राउझरमध्ये दहा टॅब आणि कॉलेजचा ऑनलाइन वर्ग. अशा वेळी दोन कोरांच्या मशीनवर माऊसचा बाणसुद्धा अडखळत चालतो. विद्यार्थी माझ्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून लॅपटॉप घेऊन येतात, विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणतं काम किती ताकद खातंय ते दाखवणारा) उघडून बघावं तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्क्यांवर चिकटलेला आणि व्हायरस कुठेच नाही.

व्हर्च्युअल मशीनचंही तेच. नेटवर्किंगच्या किंवा लिनक्सच्या प्रॅक्टिकलला विंडोजच्या आत दुसरी सिस्टीम चालवायला सांगतात. चार कोर असतील तर त्यातले दोन तिला देऊन आपलं काम चालू ठेवता येतं.

तुमच्या बुकिंगला आणि हिशेबाला यातलं काहीच लागत नाही. दोन्ही सारखेच. यूट्यूबवरचा व्हिडिओही दोन्हींवर सारखाच चालेल, कारण ग्राफिक्सचा भाग दोघांत जवळपास एकच आहे. सातवीत त्याला एचडी ६२० म्हणत, आठवीत यूएचडी ६२०.

वेगाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा मुद्दा विंडोजचा आहे आणि विक्रेत्याने तो काढलेला दिसत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सगळ्यांना फुकट मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सातवीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर बाकी सगळे बाहेर, आणि ७६००यू त्या अपवादांत नाही. ८३५०यू यादीत आहे.

विक्रेता म्हणेल, 'टी४७० वर मी विंडोज ११ टाकून देतो.' देईलही. तपासणी चुकवून ते बसवता येतं आणि चालतंही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाकाठी मोठा अपडेट येतो तेव्हा तो आपोआप येत नाही, पुन्हा तीच खटपट करावी लागते. हे ज्याला स्वतःला जमतं त्याने खुशाल करावं. तुम्हाला त्यासाठी दर वेळी लॅपटॉप घेऊन कोणाकडे तरी जावं लागणार असेल, तर वाचवलेले साडेतीन हजार हळूहळू तिकडेच जातील. तुम्ही होमस्टेच्या पैशांचे व्यवहारही त्यावरच करणार, म्हणून सुरक्षेचे अपडेट वेळेवर येणं तुमच्यासाठी चैनीची गोष्ट नाही.

लिनक्स टाकलं तर हा प्रश्नच उरत नाही. उबंटू किंवा मिंट टी४७० वर उत्तम चालतं, अँड्रॉइड स्टुडिओही त्यावर मिळतो आणि आयटी शिकणाऱ्या मुलीने ते शिकावंच. पण कॉलेजचं एखादं प्रॅक्टिकल विंडोजवरच होत असेल तर अडेल. तिला आधी विचारा. घरात विंडोजशिवाय कोणाचंच अडत नसेल, तर टी४७० च्या विरोधातलं माझं निम्मं म्हणणं मी मागे घेतो.

आता पैशांचा हिशेब. तुम्ही साडेतीन हजारांचा फरक धरलाय, पण तुलना १६ जीबी आणि ८ जीबी अशी आहे, आणि अँड्रॉइड स्टुडिओसाठी ८ जीबी म्हणजे कसंबसं. एम्युलेटरसकट चालवायचा तर १६ हवीच. म्हणजे टी४८० मध्ये आज ना उद्या आणखी ८ जीबी घालायची आहे. या मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट आहेत, बहुतेक वेळा ८ जीबीची एकच पट्टी असते आणि दुसरा स्लॉट मोकळा असतो. विक्रेत्याला हे विचारून घ्या. चार-चारच्या दोन पट्ट्या असतील तर त्या काढून नवीन घालाव्या लागतील, खर्च वाढेल. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, म्हणून माझ्या अंदाजावर जाऊ नका. त्या विक्रेत्यालाच सांगा की १६ जीबी करून एकत्र भाव दे. दोन पट्ट्या जोडीने लागल्या की ग्राफिक्सलाही थोडा हात मिळतो, तो वेगळा फायदा.

समजा रॅमसकट फरक पाच-सहा हजारांवर गेला. तरीही मी टी४८० च घेईन. आजच लगेच १६ जीबी करायचीही गरज नाही. पहिलं वर्ष ८ वर निघेल. रॅम नंतर वाढवता येते. प्रोसेसर नाही, तो बोर्डाला डाखलेला असतो, आयुष्यभर तोच. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला, जे बदलता येतं ते थांबू शकतं. हाच फरक आठ-नऊ हजारांवर गेला असता तर मी विचार केला असता, आणि मशीन नुसतं तुमच्या बुकिंगसाठी हवं असतं तर टी४७० सुद्धा नको, त्याहून स्वस्त काहीतरी घ्या म्हणालो असतो.

इथवर झालं प्रोसेसरचं. पण ८३५०यू असला म्हणून तो ८३५०यू सारखा चालेलच असं नाही. हे मशीनच्या हालतीवर असतं आणि आपल्याकडे त्याचा फार फरक पडतो.

हे लॅपटॉप बहुतेक मुंबई-पुणे-बंगळूरच्या कंपन्यांमधून भाडेकरार संपल्यावर बाहेर पडलेले असतात. आयुष्य एसीत गेलेलं. मग ते आपल्या पडवीत येतात, मे महिन्याच्या उकाड्यात. प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते, बोटाने उडते. त्यात आपली जांभ्याची तांबडी धूळ. ती दमट हवेत पंख्याच्या पात्यांतून आत जाते आणि हीटसिंकच्या बारीक जाळीवर बसते. मी पंखा काढतो तेव्हा जाळीच्या आतल्या बाजूला तांबूस करड्या रंगाचा नमदा निघतो, चिमट्यात धरला की अखंड पट्टी बाहेर येते. हवा जायला वाटच नसते. अशा मशीनमध्ये प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग पाडतो. त्या अवस्थेतला चार कोरांचा आय५ साफ केलेल्या दोन कोरांच्या आय७ पेक्षाही मागे पडू शकतो. दोन प्रोसेसरांची तुलना करताना लोक हे धरतच नाहीत.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉप चार्जरला लावून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयू निवडा. तिथे वेग, कोर आणि थ्रेड सगळं दिसतं. मग सगळे कोर कामाला लागतील असं काहीतरी दहा मिनिटं चालवा. प्रोसेसरची चाचणी घेणारं, फुकट मिळणारं सिनेबेंच चालेल. वेग आधी तीनच्या वर, अर्ध्या-एक मिनिटाने दोन-अडीचवर आणि तिथेच टिकला, तर ठीक. एकाच्याही खाली घसरला, पुन्हा वर आला, पुन्हा घसरला, पंखा ओरडतोय आणि बाहेर येणारी हवा मात्र जेमतेम, तर आत साफसफाई हवी. हे काही मशीन नाकारण्याचं कारण नाही. पेस्ट बदलून पंखा साफ करायला फार खर्च येत नाही. विक्रेत्यालाच करून द्यायला सांगा, आणि नंतरही दर पावसाळ्यानंतर एकदा करून घ्या.

खाऱ्या हवेचं दुखणं वेगळं. गुहागरसारख्या किनाऱ्यावर रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात, यूएसबीच्या तोंडाशी हिरवट पूड धरते, हिंजच्या स्क्रूंना गंज चढतो. लॅपटॉप अचानक चालू होईनासा झाला तर घाबरून बोर्ड बदलायला धावू नका. रॅम काढून दात खोडरबराने पुसून परत बसवली की बरेचदा तेवढ्यावर भागतं. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा. वापरातल्या मशीनची ऊब आतला ओलावा काढते. कपाटातल्याला बुरशी येते, कधी कधी स्क्रीनच्या थरांतही.

पाण्यात बुडालेल्या बोर्डांबद्दलही सावध राहा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर भिजलेले कितीतरी लॅपटॉप दुरुस्तीला आले. त्यातले काही नीट झाले, काही तात्पुरते चालू होऊन पुढे विकले गेले. असे बोर्ड वर्ष-दोन वर्षं चालतात आणि मग एक दिवस बसतात. कोल्हापूरनेही २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत. म्हणून खालचं झाकण उघडून बघायला मिळालं तर बघा: बोर्डाच्या स्क्रूंची डोकी गंजलीत का, चिपच्या पायांशी पांढरी किंवा हिरवी पूड आहे का, पंख्याजवळच्या कोपऱ्यांत वाळलेला चिखल आहे का. जो विक्रेता झाकण उघडायलाच नाही म्हणतो त्याच्याकडे जास्त वेळ घालवू नका. जाणं शक्य नसेल तर उघड्या झाकणाचा व्हिडिओ मागा, अनुक्रमांकाचा स्टिकर त्याच व्हिडिओत दिसला पाहिजे.

लाईटचं मी तुम्हाला काय सांगू. पहिला वळीव पडला की जाते. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. या दोन्ही थिंकपॅडची एक गोष्ट मला त्यासाठीच आवडते: बॅटऱ्या दोन आहेत, एक आत आणि एक मागे, बाहेरून काढता येणारी. आतली शाबूत असेल तर मागची चालू मशीनमध्येच काढून दुसरी लावता येते. रिफर्बिश्डमध्ये बरेचदा आतली बॅटरी पार थकलेली असते आणि विक्रेता मागची तेवढी चांगली घालून देतो. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता वेगवेगळी लिहिलेली असते. आत्ताची मूळच्या निम्म्याहून कमी असेल तर ती बॅटरी संपलेली धरा आणि भाव पाडा.

प्रोसेसरच्या बाबतीत दोन खोड्या बाजारात चालतात. पहिली म्हणजे मॉडेलच्या नावावर विकणं. टी४८० म्हटलं की आठवी पिढी असं लोक धरून चालतात, पण टी४८० सातव्या पिढीचे प्रोसेसर घालूनही निघाले होते. टी४७० मध्येही सहाव्या पिढीचे सापडतात. दुसरी म्हणजे 'एट्थ जेन' एवढंच सांगणं. आठव्या पिढीचा आय३-८१३०यू दोनच कोरांचा आहे, आणि शेवटी 'वाय' असलेला आय५-८२००वाय तर ५ वॉटचा, तोही दोन कोरांचा. म्हणून पूर्ण नंबर विचारा आणि टास्क मॅनेजरमध्ये चार कोर, आठ थ्रेड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाहेरचा स्टिकर कोणीही चिकटवू शकतो.

स्क्रीनचं रिझोल्यूशनही त्याच वेळी बघून घ्या. ही दोन्ही मॉडेल १३६६ बाय ७६८ च्या फिक्या पॅनेलमध्येही मिळतात आणि फुल एचडीमध्येही. दिवसभर कोड वाचणाऱ्या पोरीला फुल एचडीच हवी. टी४८० फिक्या पॅनेलचा आणि टी४७० फुल एचडी निघाला, तर माझा कौल थोडा डळमळेल हे कबूल करतो. पण मग मी त्याच विक्रेत्याकडे दुसरा टी४८० मागेन.

आणखी एक गोष्ट पैसे देण्याच्या आधी करा. कंपन्यांच्या मशीनमध्ये बायोसला (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅमला) पासवर्ड घातलेला असू शकतो आणि तो या थिंकपॅडमध्ये सहजासहजी निघत नाही. लॅपटॉप बंद करून चालू करा, लोगो दिसल्याबरोबर एफ१ दाबा. सरळ आत गेलात तर तिथला अनुक्रमांक खालच्या स्टिकरशी आणि बिलाशी ताडून बघा. पासवर्ड विचारला आणि विक्रेता म्हणाला की 'त्याची गरज पडत नाही हो', तर ते मशीन तिथेच ठेवा आणि दुसरं मागा.